मुहूर्ताच्या गावी आठ तारांची गोष्ट

उज्जैन हे वेळेचे गाव आहे. ग्रीनिचचे नाव जगाला माहीत होण्याच्या कितीतरी आधी आपले ज्योतिषी रेखांश मोजत ते अवंतीपासून, म्हणजे याच उज्जैनपासून. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा तिथे अजून उभी आहे. १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत तिची डागडुजी झाली. उज्जैनचा सूर्य माथ्यावर आला की आपल्या बेळगावच्या माथ्यावर यायला त्याला आणखी सुमारे पाच मिनिटे लागतात, कारण दोन्ही गावांत सव्वा अंशाचा फरक आहे. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी तर तिथे उंच मनोऱ्यावर वैदिक घड्याळ सुरू झाले. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचे ३० मुहूर्त ते मोजते.

अशा गावात त्याच महिन्यात मी तीन दिवस राबलो, ते एका सेकंदाच्या काही भागासाठी. निमित्त होते भाचीच्या लग्नाचे.

माझा धंदा निपाणीत ध्वनिक्षेपक, पडदे आणि कॅमेऱ्यांचा. आता टीव्हीचे पडदे जास्त आणि कर्णे कमी झाले, तरी लोक मला अजून ‘स्पीकरवाले’च म्हणतात. थोरली अक्का उज्जैनला दिली आहे. दाजींचे घराणे शिंदेशाहीपासून तिकडचे. शिंद्यांची राजधानी १८१० मध्ये ग्वाल्हेरला गेली, पण उज्जैनमधली मराठी घरे राहिली. आपल्या बाजूच्या माणसाला तिथे परके वाटत नाही. भर बाजारातले गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांनी बांधवले आणि या बायजाबाई म्हणजे आपल्या शेजारच्या कागलच्या घाटग्यांची लेक. हरसिद्धीच्या देवळापुढच्या दोन दीपमाळा पाहिल्या की वाटते, आपल्याच एखाद्या देवळाच्या आवारात उभे आहोत. तासाभराच्या अंतरावर देवास. सुळेभावीत जन्मलेल्या शिवपुत्र कोमकलीमठांनी, म्हणजे कुमार गंधर्वांनी, १९४८ पासून अखेरपर्यंत तिथेच घर केले. कानडी घरातला मुलगा, मराठी रसिकांचा गवई आणि माळव्याचा रहिवासी. आपल्या भागातल्या माणसाला तीन-तीन भाषा अंगावर वागवणे नवीन नाही.

आमच्या घरीही तेच. वडील मराठी, आई गोकाककडची. तिला आम्ही अव्वा म्हणतो आणि तिच्याशी कानडीतच बोलतो. अव्वा ८४ वर्षांची. दोन्ही गुडघे गेलेले.

लग्नाचे कार्यालय म्हणजे जुन्या धर्मशाळेचे रूप पालटून केलेली इमारत. लग्नाचे सभागृह पहिल्या मजल्यावर, पायऱ्या २८ आणि लिफ्ट नाही. खाली चौक, चौकापलीकडे पाहुण्यांच्या खोल्या, मागे पंगतीची जागा. दाजी म्हणाले, “खुर्चीत बसवून चौघे वर नेऊ.” अव्वाने साफ नकार दिला. “मी काय पालखीतली देवी आहे?” ती खालच्या खोलीत बसणार, पण तिची अट एकच होती. अक्षता तिने टाकायच्या, आणि सगळ्यांबरोबर टाकायच्या. आमच्या कानडी नातलगांत त्यांना अक्किकाळु म्हणतात. नातीच्या डोक्यावर नाही पडल्या तरी चालतील, पण वेळ चुकता कामा नये.

वाचकांना वाटेल, यात काय अवघड? हल्ली कुठल्याही कार्यालयात चार टीव्ही असतात. बंगळुरूचा भाचा आयटीत आहे. त्याने लगेच फोन तिवईवर उभा करून व्हिडिओ कॉल लावला. मी वरच्या मजल्यावरून ‘सावधान’ म्हणून टाळी वाजवली. अव्वाच्या खोलीची खिडकी चौकाकडे उघडते, त्यामुळे वरच्या स्पीकरचा आवाज तिला थेट ऐकू येतो. टाळी तिने ऐकली. मग थोडा वेळ गेला आणि टीव्हीवर माझे हात एकमेकांवर आपटले. अव्वा हसली, “ईग बंत नोड!” आत्ता आले बघ.

हा उशीर का होतो ते सांगतो. चित्र प्रचंड जागा खाते. म्हणून फोन ते आधी घट्ट दाबून लहान करतो, तुकडे करून इंटरनेटवर पाठवतो आणि पलीकडचा टीव्ही ते उलगडतो. धान्य पोत्यात भरून, शिवून, ट्रकने पाठवून पुन्हा ओतण्यासारखेच. यूट्यूबवरच्या ‘थेट’ प्रक्षेपणात हा उशीर अनेक सेकंदांचा, कधी अर्ध्या मिनिटाचाही असतो. परगावी बसलेल्यांना त्याने काही बिघडत नाही, कारण त्यांना खरा आवाज ऐकूच येत नसतो. अडचण होते ती त्याच आवारात, दोन भिंतींपलीकडे बसलेल्या माणसाची.

आपला कान यात फार चिकित्सक असतो. दूरचित्रवाणीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत याचे आकडे दिलेले आहेत. आवाज चित्राच्या मागून आला तर सेकंदाच्या सुमारे आठव्या भागापर्यंत, म्हणजे १२५ मिलिसेकंदांपर्यंत, माणसाच्या लक्षात येत नाही. पण आवाज आधी आणि चित्र मागून असेल, तर ४५ मिलिसेकंदांनाच खटकते. कारण साधे आहे. नदीच्या पलीकडच्या काठावर धोबी कपडे आपटतो तेव्हा आपटणे आधी दिसते आणि आवाज मागून येतो. वीज आधी, गडगडाट नंतर. उलटे निसर्गात कधी घडतच नाही, म्हणून मेंदू त्याला लगेच हरकत घेतो. अव्वाच्या खोलीत नेमके हे उलटे घडत होते.

वेणीची युक्ती

कॅमेऱ्यातून टीव्हीत जाणारी एचडीएमआयची वायर २००२ पासून आली. चित्र सुंदर, पण दहा-पंधरा मीटरच्या पुढे तिचा भरवसा नाही. माझ्या टेबलापासून जिन्याने उतरून, चौकाच्या कडेने अव्वाच्या खोलीपर्यंत फीत धरली तर ५८ मीटर भरले. पंगतीच्या जागेपर्यंत ७४. इथे कामी येते ती संगणकाच्या नेटवर्कची साधी वायर, जी आज घरोघरी निळ्या नाहीतर करड्या रंगात लोंबकळताना दिसते.

ही वायर सोलून पाहा. आत आठ बारीक तारा असतात आणि त्यांच्या चार जोड्या केलेल्या असतात. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, आणि प्रत्येकीबरोबर तिची पांढरी सोबतीण. प्रत्येक जोडीला वेणीसारखा पीळ घातलेला असतो. ही युक्ती टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलची. त्याने १८८१ मध्येच तिचे पेटंट घेतले. जोडीतल्या एका तारेतून सिग्नल सरळ जातो, दुसरीतून त्याचाच उलटा. वाटेत मोटरचा, ट्यूबलाइटचा, जनरेटरचा गोंगाट अंगावर आला, तर पिळामुळे तो दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो. पलीकडचे यंत्र दोन्हींची फक्त वजाबाकी करते. सारखे पडलेले ते कटते, उलटे पाठवलेले ते उरते. तारा नुसत्या शेजारी-शेजारी ठेवल्या तर जी गोंगाटाजवळ ती जास्त सोसते आणि वजाबाकी फसते. दोर वळणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. दोराला मराठीत दोर म्हणा की कानडीत हग्ग, ताकद पिळातच असते.

आणखी एक गंमत. चारही जोड्यांचा पीळ सारखा नसतो, मुद्दाम कमी-जास्त ठेवतात, नाहीतर एका जोडीचे बोलणे दुसरीत ऐकू येईल. जास्त पिळाच्या जोडीत तार जास्त खर्ची पडते, म्हणजे तिची वाट लांब. जुन्या व्हीजीए प्रोजेक्टरच्या काळात आम्ही लाल, हिरवा, निळा हे रंग वेगवेगळ्या जोड्यांतून पाठवायचो, तेव्हा लांब वायरीवर एक रंग किंचित मागे पडायचा आणि वधूवरांच्या नावाला एका बाजूने लाल कड दिसायची. यजमान विचारायचे, “डिझाइन आहे का?” काही जण ‘हो’ ऐकून खूशही व्हायचे. तो फरक भरून काढायची वेगळी यंत्रे तेव्हा आम्ही वापरत असू.

२०१० मध्ये एचडीबेस-टी नावाची पद्धत आली. एलजी, सॅमसंग, सोनी पिक्चर्स आणि व्हॅलेन्स ही इस्रायली कंपनी यांनी मिळून ती पुढे आणली. यात चित्र न दाबता, आहे तसे, या चार जोड्यांवरून जाते. सोबत आवाज, रिमोटच्या आज्ञा, नेटवर्क आणि विजेचा पुरवठाही. नेहमीच्या फुल एचडी चित्राला चांगल्या वायरीवर १०० मीटरपर्यंतची मजल. पोत्यात भरणे नाही आणि ओतणे नाही, त्यामुळे उशीर इतका कमी की मिलिसेकंदाचाही हिशेब लागत नाही. अव्वाच्या खोलीत विजेचे एकच सॉकेट होते, ते टीव्हीने घेतले. तिथल्या डबीला वीज गेली ती वरून, त्याच वायरीतून.

एक सावधगिरी मात्र हवी. वायर आणि टोकाची पिन नेटवर्कचीच दिसते, म्हणून कुणी ती इंटरनेटच्या स्विचमध्ये खुपसतो. ते चालत नाही. वाट तीच असली तरी त्यावरून धावणारी गाडी वेगळी आहे, आणि वायरीत वीज सोडलेली असेल तर एखादे यंत्र जळायचेही.

कोण काय बोलतो?

आमच्याकडे चित्रे देणारे तीन होते. बोहल्याजवळचा फिरता कॅमेरा, समोरचा स्थिर कॅमेरा आणि फोटो दाखवणारा लॅपटॉप. पाहणारे पडदे चार. दोन सभागृहात, एक अव्वाकडे, एक पंगतीत. कोणाचे चित्र कोणत्या पडद्यावर, हे ठरवणाऱ्या पेटीला मॅट्रिक्स स्विचर म्हणतात. चार आत, चार बाहेर. सभागृहात लहानपणीचे फोटो चालू असताना अव्वाकडे बोहलेच दिसत राहील, पंगतीत दोन्ही आलटून-पालटून. आवाजही मी मिक्सरमधून काढून याच पेटीत चित्रासोबत बांधला, म्हणजे दोघे एकाच वायरीतून बरोबरच उतरतील.

लग्नाच्या आदल्या रात्री पंगतीचा टीव्ही जोडला आणि वरच्या दोन्ही मोठ्या पडद्यांवरचे चित्र एकदम हलके पडले. भाचा गोंधळला. हे आपल्या घरांतल्या वाचकांना चटकन कळेल. प्रत्येक टीव्ही जोडताच पेटीला सांगतो, ‘मला एवढ्या बारकाईचे चित्र समजते.’ पंगतीचा टीव्ही जुना, त्याला मोठे चित्र समजत नव्हते. एकच चित्र चौघांना द्यायचे, तर पेटी चौघांना कळेल अशा पातळीवर उतरते. आपल्या ओसरीवर चार पाहुणे बसले आणि एकाला मराठी येत नसले, की सगळी बैठक आपोआप कानडीवर जाते, त्यातलाच प्रकार. उपाय दोन. पेटीला ठाम सांगायचे की अमुकच भाषा बोल, किंवा त्या पाहुण्यापाशी दुभाषा बसवायचा. आम्ही दुसरा केला. पंगतीच्या टीव्हीपुढे चित्र लहान करणारी डबी लावली आणि वरचे पडदे पुन्हा टवटवीत झाले.

खरी डोकेदुखी वेगळीच निघाली. कार्यालयात आधीच कुणीतरी वायर टाकून ठेवली होती, भिंतीत पुरून, रंग देऊन. मालक म्हणाले, “तीच वापरा, नवीन कशाला?” जोडली, तर अव्वाच्या टीव्हीवर चित्र येई, दोन मिनिटे राही आणि काळे पडे. टोक कापून तारेवर ब्लेड ओढले. वरची तांबूस झिलई गेली आणि आतून पांढरी धातू चमकली. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा! बाजारात अशी वायर भरपूर मिळते, वरून अगदी अस्सलसारखी आणि स्वस्त. थोड्या अंतरावर इंटरनेट चालते, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण ॲल्युमिनियमचा विरोध तांब्यापेक्षा जास्त. लांब अंतरावर सिग्नल क्षीण होतो, वायरीतून वीज पाठवली तर ती तापते, टोकाशी दोन-तीनदा वाकवली की तुटते. कोणी टाकली होती ते सांगण्यात अर्थ नाही. पोट सगळ्यांनाच असते. पण भिंतीत पुरायच्या वस्तूत तरी माणसाने हात आखडू नये, असे माझे मत आहे.

दाजी आणि भाच्याने रात्री अकराला नवी वायर ओढायला घेतली. विजेच्या वायरींपासून हातभर दूर, कोपऱ्यात मोडून न वाकवता गोलाई ठेवून, मधे एकही जोड न घेता. टोकाला पिन बसवताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही. भाच्याने तो सुबक दिसावा म्हणून दोन इंच सरळ केला होता, मी पुन्हा करायला लावले. दीड वाजता वर टाळी वाजवली, आणि खाली अव्वा (ती जागीच होती) म्हणाली, “हं, आता झाले.” या वेळी मराठीत.

दुसऱ्या दिवशी अंतरपाट दूर झाला तेव्हा मी टेबलाशी होतो, त्यामुळे खालचे काही पाहिले नाही. अक्काच्या जावेने सांगितले. खोलीत आणखी सात-आठ वयस्कर बायका जमल्या होत्या, सगळ्या पायऱ्यांना भ्यालेल्या. ‘सावधान’ खिडकीतून आले, टीव्हीतून आले आणि मुठी एकदमच उघडल्या. टीव्हीच्या अंगावर इतक्या अक्षता पडल्या होत्या की संध्याकाळी डबी काढताना तिच्या फटींतून तांदूळ निघाले.

महाकालाच्या दारी

लग्नानंतर महाकालेश्वराला गेलो. आजचे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी पुन्हा उभारलेले. गर्भगृह जमिनीच्या पातळीखाली आणि लहान. २०२३ च्या श्रावणातल्या गर्दीत भाविकांना तिथला प्रवेश बंद केला गेला, तेव्हा बहुतेकांनी देव पाहिला तो लांबून किंवा पडद्यावर. पहाटेच्या भस्मआरतीला मागे बसलेल्यांना डमरू आणि घंटा कानांनी थेट ऐकू येतात, आणि नजर पडद्यावर असते. म्हणजे अव्वाच्या खोलीतलाच प्रश्न, हजारोंच्या संख्येत.

११ ऑक्टोबर २०२२ रोजी खुला झालेला महाकाल लोकचा परिसर तर ९०० मीटरहून लांब आहे. एवढ्या पल्ल्याला तांब्याची जोडी पुरत नाही, तिची सीमा १०० मीटर. पुढे काचेचा तंतू लागतो, किंवा चित्र नेटवर्कच्या भाषेत बदलून स्विचमधून वाटावे लागते. या दुसऱ्या प्रकारात स्वस्त यंत्रे चित्र दाबतात आणि उशीर करतात, महागडी दहा गिगाबिटच्या जाळ्यावर जवळपास न दाबता पाठवतात. पडदे शेकड्यांनी असतील तिथे तेच सोयीचे. शिवाय मोठ्या मैदानात आवाजाचाही उशीर असतो. हवेतून तो सेकंदाला साधारण ३४० मीटरच जातो, म्हणजे ९०० मीटर गाठायला त्याला अडीच सेकंदांहून जास्त लागतात. तिथे दूरच्या स्पीकरला मुद्दाम थांबवून धरतात, म्हणजे जवळचा आणि दूरचा आवाज एकमेकांवर आदळत नाही. उज्जैनचा पुढचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. त्या गर्दीत पडद्यांची आणि वायरींची ही कामे किती पडतील, याचा अंदाज आमच्या धंद्यातल्या कुणालाही करता येईल.

आपल्या भागातही आता देवळांच्या विश्वस्तांकडून आणि कार्यालयांच्या मालकांकडून विचारणा येतात. जत्रेत मागे उभ्या राहणाऱ्या बायकांना पालखी दिसावी, जिना न चढणाऱ्यांना लग्न दिसावे. त्यांना मी एवढेच सांगतो. आवारातला खरा आवाज जिथे ऐकू येतो तिथे न दाबलेले चित्र द्या, बाकी ठिकाणी स्वस्तातले चालेल. वायरीचे खोके विकत घेण्याआधी हातात उचलून बघा. ३०५ मीटरचे शुद्ध तांब्याचे खोके मुलाम्याच्या खोक्यापेक्षा स्पष्ट जड लागते. बिलावर ‘शुद्ध तांबे’ असे लिहून घ्या. भिंत बांधतानाच पाइप टाका आणि एकाच्या जागी दोन वायरी ओढा, एक आजसाठी आणि एक सुटी.

आणि वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा. आमच्याकडचा एक कामगार फक्त कानडी वाचतो, दुसरा फक्त मराठी. म्हणून आता आम्ही प्रत्येक टोकाला दोन्ही लिप्यांत लिहितो, ‘स्वयंपाकघर’ आणि त्याखाली ‘अडगे मने’.